लँडिंग शिपचे स्पेअर पार्ट बनवायचेत? वागळे, रबाळे, महापेच्या गाळेवाल्यांसाठी

नौदलाच्या जहाजांच्या पार्टच्या एन्क्वायऱ्या हल्ली छोट्या गाळ्यांपर्यंत यायला लागल्यात. कधी जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) बिड दिसतं, कधी मुंबईच्या नागदेवी बाजारातला एखादा ट्रेडर फोन करतो की गनमेटलची व्हॉल्व्ह सीट हवीये, १२ नग, रेट सांगा. आणि बहुतेक जण काय करतात तर वजन काढतात, किलोचा भाव लावतात, लेथचे तास धरतात आणि संध्याकाळपर्यंत रेट पाठवून मोकळे होतात. साध्या पंपाच्या पार्टला हे चालून जातं, जहाजाच्या पार्टला नाही, आणि त्यातही रणगाडे-सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी जी अँफिबियस जहाजं असतात त्यांच्या पार्टला तर अजिबातच नाही, कारण बाकीची जहाजं ज्या गोष्टी आयुष्यभर टाळतात त्याच या जहाजांना मुद्दाम कराव्या लागतात, म्हणजे वाळूवर चढायचं आणि स्वतःच्या पोटात समुद्र घ्यायचा. पार्ट कुठं बसतो आणि तिथं काय सोसतो हे एकदा कळलं की मटेरियल, टॉलरन्स, टेस्टिंग हे सगळं समजत जातं, म्हणून आधी जहाज, मग पार्ट, मग पोर्टल अशा क्रमाने लिहितोय.

ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला एलएसटी, लँडिंग शिप टँक. हे जहाज नाक सरळ किनाऱ्याला लावतं, पुढचे दरवाजे उघडतात, रॅम्प पडतो आणि रणगाडे चालत उतरतात. आपल्याकडे आयएनएस मगर १९८७ ला आली आणि मे २०२३ मध्ये कोचीला निवृत्त झाली, तिच्याच जातीची घडियाल १९९७ ची, आणि त्यानंतर शार्दूल, केसरी, ऐरावत या तिघी २००७ ते २००९ मध्ये आल्या, कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये म्हणजे जीआरएसईत बांधलेल्या. शार्दूल साधारण १२५ मीटर लांब आहे, साडेपाच हजार टनांच्या वर, ११ रणगाडे आणि ५०० सैनिक घेऊन जाते, आणि तिची मेन इंजिनं किर्लोस्करची पीए६ आहेत, हे वाचलं तेव्हा मला खरंच फार बरं वाटलं होतं. दुसरा प्रकार एलपीडी, लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक, ज्यात मागच्या बाजूला जहाजाच्या आतच डॉक असतो. आपल्याकडे असं एकच आहे, आयएनएस जलाश्व, मूळची अमेरिकेची ट्रेन्टन, १९७१ ला तिकडे सेवेत आलेली आणि २००७ पासून आपली. सुमारे १७ हजार टन, १७३ मीटर, स्टीम टर्बाइनवर चालते. तिसरा प्रकार छोट्या एलसीयू, लँडिंग क्राफ्ट युटिलिटी, मार्क ४ च्या ८ बोटी जीआरएसईनेच दिल्या, २०१७ ते २०२१ मध्ये, ६३ मीटर लांब, ८३० टन, १५ नॉट, अंदमानकडे असतात. परदेशात याहून मोठी हेलिकॉप्टर डेकवाली आहेत, अमेरिकेची वास्प २५७ मीटरची, फ्रान्सची मिस्त्राल १९९ मीटरची, पण आपल्या कामापुरते पहिले तीन प्रकार पुरे.

आता यातलं एलएसटी नीट बघा. किनाऱ्याला उतार असतो, त्यामुळे जहाजाचा पुढचा भाग उथळ आणि मागचा खोल लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १००० च्या वर एलएसटी बांधल्या, त्या उतरवायच्या वेळी पुढून साधारण १.२ मीटर आणि मागून ३ मीटर पाण्यात असायच्या, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. तळ बराचसा सपाट, बॅलास्ट टाक्यांत पाणी भरून किंवा काढून नाक वर-खाली करायचं, येताना मागे अँकर टाकून यायचं आणि परत निघताना त्याच अँकरच्या विंचने स्वतःला मागे ओढून घ्यायचं. यातून पार्टवाल्यांसाठी काय निघतं ते बघा. तळाला वाळू घासते, म्हणजे तिथला रंग जातो, अ‍ॅनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे ठोकळे) झिजतात, सक्शनच्या जाळ्यांना मार लागतो. इंजिन तर चालूच असतं आणि त्याला थंड करायला समुद्राचंच पाणी लागतं, उथळ पाण्यात त्याच्याबरोबर वाळू आणि चिखल येतो, म्हणून जहाजांना खालचं आणि वरचं अशी दोन सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घ्यायच्या पेट्या) ठेवतात आणि उथळात वरचं वापरतात, तरीही बारीक वाळू येतेच. मग स्ट्रेनरच्या बास्केट, पंपाचे इम्पेलर, वेअर रिंग, मेकॅनिकल सील, कूलरच्या ट्यूब हे सगळं मालवाहू जहाजापेक्षा लवकर झिजतं. तुम्हाला एलएसटीच्या सी वॉटर पंपाच्या वेअर रिंगची एन्क्वायरी आली तर ती वर्षानुवर्षं परत येणारी एन्क्वायरी आहे असं समजून पॅटर्न आणि फिक्श्चर नीट बनवा.

पुढचे दरवाजे आणि रॅम्प हा वेगळाच प्रकार. दरवाजावर लाटेचा मार येतो, तोही एकसारखा नाही तर धक्क्याधक्क्याने, आणि तो सगळा मार शेवटी बिजागरीच्या पिनांवर आणि लॉकिंग गियरवर जातो. रॅम्पवरून टी-७२ जातो तो ४० टनांच्या वरचा, अर्जुन तर त्याहून बराच जड, आणि रॅम्पचं टोक वाळूत टेकलेलं असतं म्हणजे आधार सारखा मिळत नाही, एका बाजूचा बुश जास्त दाबला जातो. म्हणूनच रॅम्पची जुनी पिन सॅम्पल म्हणून आली की ती एका बाजूला खाल्लेली दिसते. तो झिजलेला व्यास मोजून नवीन पिन बनवायची नसते हे सगळ्यांना माहितीये, पण ती कुठून खाल्लीये हे बघितलं की ग्रीसची वाट कुठं बंद पडली होती, पिन वाकली होती का, हार्डनेस कमी पडला का, हे कळतं, आणि ते एका कागदावर लिहून पार्टीला दिलं की पुढची एन्क्वायरी तुम्हालाच येते.

आतल्या रणगाडा डेकवर लॅशिंगचं सामान असतं, डी रिंग, साखळ्या, टर्नबकल, कारण समुद्रात जहाज डोलताना ४० टनांची गाडी सुटली तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. हे पार्ट दिसायला साधे आहेत पण प्रत्येकाला प्रूफ लोड लागतो, साधारण सेफ वर्किंग लोडच्या दुप्पट, आणि नंतर क्रॅक बघायला डीपी (रंगीत द्रवाची) किंवा एमपी (चुंबकाची) टेस्ट. याच डेकला मोठे एक्झॉस्ट फॅन असतात कारण उतरायच्या आधी सगळ्या गाड्या बंद डेकमध्येच इंजिन सुरू करून उभ्या असतात, तो धूर बाहेर काढायलाच हवा. त्या फॅनचे बेअरिंग हाउसिंग, डॅम्परचे शाफ्ट, फ्लॅप असं बरंच काम छोट्या शॉपला जमण्यासारखं आहे.

आता वेल डेक. एलपीडीच्या मागच्या भागात जो डॉक असतो त्याला वेल डेक म्हणतात, आत लँडिंग क्राफ्ट उभी असतात. उतरवायच्या वेळी जहाज स्वतःच्या बॅलास्ट टाक्यांत हजारो टन पाणी घेतं, मागचा भाग खाली बसतो, स्टर्न गेट उघडतं, डॉकमध्ये समुद्र येतो आणि क्राफ्ट तरंगत बाहेर निघतात. काम झालं की टाक्यांतलं पाणी बाहेर काढायचं, काही जहाजांत पंपाने, काहींत कॉम्प्रेस्ड हवेने ढकलून, आणि जहाज परत वर. म्हणजे जे व्हॉल्व्ह साध्या जहाजात कधीमधी फिरतात ते इथं प्रत्येक सरावाला उघड-बंद होतात, आणि सगळे एकदम, ठरावीक वेळात व्हावे लागतात. एका टाकीचा व्हॉल्व्ह अडकला तर जहाज कलतं. ज्यांच्याकडे या बॅलास्ट व्हॉल्व्हच्या स्पिंडलची, सीटची, अ‍ॅक्चुएटरच्या पिस्टनची ऑर्डर आहे त्यांनी हे चित्र डोळ्यासमोर ठेवावं, कारण ड्रॉइंगवर फक्त "स्पिंडल, १ नग" एवढंच लिहिलेलं असतं.

वेल डेकमधली दुसरी अडचण म्हणजे तो भाग कधी पाण्यात, कधी हवेत असतो. कायम पाण्याखाली असलेला भाग अ‍ॅनोडने बराच सांभाळला जातो, कायम कोरडा भाग रंगाने, पण ओला-कोरडा होणाऱ्या जागेत मीठ साठत जातं, अ‍ॅनोड अर्धा वेळ निकामी, रंगाला क्राफ्ट घासतात. स्टर्न गेटच्या हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड इथंच असतो. नुसतं हार्ड क्रोम केलं तर चालत नाही, क्रोममध्ये मुळातच बारीक भेगा असतात, त्यातून मीठ खाली जातं आणि रॉडला खड्डे पडतात, मग तो खड्डा सील कापतो आणि तेल समुद्रात. क्रोमच्या खाली निकेलचा थर द्यायचा हा त्यातला जुना आणि चांगला उपाय. प्लेटिंग करून देणाऱ्याला हे आधीच सांगा आणि सॉल्ट स्प्रे टेस्टचा रिपोर्ट मागा, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश, तास किती ते स्पेसिफिकेशनमध्ये असतं.

स्पेअरचा प्रश्न किती गंभीर आहे याचं उदाहरण अमेरिकेचंच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सरकारी ऑडिट संस्थेने, जीएओने, रिपोर्ट दिला की त्यांच्या ३२ अँफिबियस जहाजांपैकी निम्मी वाईट अवस्थेत आहेत, आणि कारणांमध्ये स्पेअर पार्टची टंचाई आणि जुन्या स्टीम प्लांटची दुरुस्ती हे होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉक्सर नावाचं त्यांचं ४० हजार टनी जहाज मोहिमेवर निघालं आणि दहाएक दिवसांत रडरच्या बिघाडामुळे परत आलं. एवढ्या श्रीमंत नौदलाची ही गत, तर आपल्या जलाश्वसारख्या १९७१ च्या जहाजाचं काय, ज्याचे कितीतरी पार्ट बनवणाऱ्या कंपन्या आज अस्तित्वातसुद्धा नसतील. हे पार्ट कुणीतरी सॅम्पलवरून, हाताने मोजून, परत उभे करायला हवेत, आणि मला मनापासून वाटतं की वागळे इस्टेट ते तळोजा या पट्ट्यात जेवढे टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर, रबर मोल्डिंगवाले आहेत तेवढ्यांत हे काम आरामात होऊ शकतं.

तर आता प्रत्यक्ष काम.

एन्क्वायरी आली की रेट द्यायच्या आधी प्रश्न विचारा. कुठल्या वर्गाच्या जहाजाचा पार्ट आहे (नाव सांगणार नाहीत कदाचित, वर्ग किंवा बनावटीचा देश सांगितला तरी पुरे), कुठल्या सिस्टीमचा, आतून काय जातं, समुद्राचं पाणी की गोडं पाणी की तेल की वाफ, प्रेशर किती, टेम्परेचर किती, पार्ट वॉटरलाइनच्या खाली आहे का वर, ज्याच्याशी तो जुळतो तो समोरचा पार्ट कुठल्या धातूचा, आणि तपासणी कोण करणार. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि त्यातच पैसे जातात. तपासणी कधी डीजीक्यूए म्हणजे संरक्षण खात्याची क्वालिटी तपासणारी संस्था करते, कधी नौदलाची स्वतःची टीम, कधी पवईच्या आयआरएससारखी क्लासिफिकेशन सोसायटी, आणि प्रत्येक वेळी स्टेज इन्स्पेक्शन असेल तर कास्टिंग आल्यावर, रफ मशिनिंगनंतर, फायनलला असे थांबे लागतात. तेवढे दिवस जॉब रॅकवर पडून राहतो, तो खर्च रेटमध्ये धरा.

सॅम्पल मिळालं तर आधी फोटो, मग साफसफाई, कारण गंजाखाली नंबर कोरलेले असतात. अमेरिकन बनावटीच्या पार्टवर १३ आकडी स्टॉक नंबर सापडतो, त्यातले पहिले ४ आकडे म्हणजे वस्तूचा वर्ग, ४८२० म्हणजे व्हॉल्व्ह, ४३२० म्हणजे पंप, ५३३० म्हणजे पॅकिंग-गास्केट, ५३३१ ओ-रिंग, ३११० बेअरिंग. एवढ्यावरूनसुद्धा मूळ पार्टचं वर्णन शोधायला मदत होते. मोजमाप शक्यतो एकापेक्षा जास्त सॅम्पलवर घ्या आणि न झिजलेल्या जागी घ्या, म्हणजे ओ-रिंगच्या खोबणीत, कॉलरच्या आत, शेवटच्या आट्याजवळ. थ्रीडी स्कॅन करून देणारे आता आपल्याकडे आहेत, बाहेरच्या आकाराला ते उत्तम, पण फिट असलेल्या जागांना मायक्रोमीटर आणि बोअर गेजच. स्कॅनरने दिलेला ४९.९३ हा आकडा म्हणजे डिझाइनरने ५० ला जी६ (फिटचा टॉलरन्स) दिला होता आणि पार्ट झिजला, हे ओळखायचं काम माणसाचं आहे.

आट्यांवर जरा थांबतो कारण इथं फार गडबड होते. जलाश्व अमेरिकेत बांधलेली, म्हणजे इंची माप, यूएनसी-यूएनएफ म्हणजे अमेरिकन इंची आट्यांचे बोल्ट, पाइपला एनपीटी म्हणजे अमेरिकन पाइप आटे. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळतं ते बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आटे. आता अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हीत इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे एकात दुसरं घुसतं, दोन-तीन फेरे छान बसतं, पण एनपीटीचा कोन ६० अंश आणि बीएसपीचा ५५, म्हणून प्रेशर आलं की गळतं. टेफ्लॉन टेप गुंडाळून टेस्ट पास होईलही, पण ते जहाज रोज थरथरत असतं. थ्रेड गेज आणि जमलं तर प्रोफाइल प्रोजेक्टरवर कोन बघितल्याशिवाय ड्रॉइंगवर आट्याचं नाव लिहू नका. हे वाफेच्या, इंधनाच्या, सांडपाण्याच्या लाइनला तर जिवाशी आहे, २००८ साली जलाश्ववर हायड्रोजन सल्फाइड वायूच्या गळतीत नौसैनिकांचे जीव गेले होते. बंद कंपार्टमेंटमध्ये माणसं काम करतात, म्हणून सीलिंगच्या पार्टला "चालून जाईल" हा शब्द आपल्या शॉपमध्ये नकोच.

मोटर किंवा पंप सेटचं काम असेल तर फ्रिक्वेन्सी विचारा. अमेरिकन जहाजं ६० हर्ट्झवर, ४४० व्होल्ट. आपल्या गाळ्यात ४१५ व्होल्ट ५० हर्ट्झ. ६० हर्ट्झची मोटर आपल्या लाइनवर लावली तर हर्ट्झमागे व्होल्ट जास्त पडतात, कोअर सॅच्युरेट होतो आणि मोटर तापते, ५० हर्ट्झवर तिला साधारण ३६५ व्होल्टच द्यायला हवेत. शिवाय स्पीड सहाव्या हिश्शाने कमी, त्यामुळे पंपाचा फ्लो त्याच प्रमाणात कमी, हेड मात्र वर्गाच्या हिशेबाने उतरतं, म्हणजे जवळपास ७० टक्क्यांवर येतं, आणि मग लोक म्हणतात इम्पेलर चुकीचा बनला. इम्पेलर बरोबर असतो, टेस्ट चुकीची असते. व्हीएफडीवर (फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ड्राइव्हवर) ६० हर्ट्झ करून टेस्ट घ्या आणि रिपोर्टवर फ्रिक्वेन्सी लिहा. रशियन बनावटीच्या जहाजांना ३८० व्होल्ट ५० हर्ट्झ असतं, तेही लक्षात असू द्या.

आता मटेरियल, ज्यावर सगळ्यात जास्त मनापासून लिहायचंय. बाजारात गनमेटल या नावाने काहीही खपतं. गनमेटल म्हणजे ८५-५-५-५, एलजी२, हे एक, तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. एलजी४ वेगळं, ८७-७-३-३. जुनं अ‍ॅडमिरल्टी गनमेटल ८८-१०-२, त्यात शिसं नाही. समुद्राच्या पाण्यात यांची आयुष्यं वेगवेगळी. आणि भंगार पितळ वितळवून ओतलं तर जस्त जास्त होतं, खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं, वरून पार्ट जसाच्या तसा दिसतो पण आतून स्पंजासारखा होतो. प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) स्पेक्ट्रो रिपोर्ट एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबकडून घ्या, ठाणे-बेलापूर रोडवर आणि आसपास अशा लॅब आहेत, खर्च कास्टिंगच्या मानाने फार नाही. जिथं ताकद आणि वाळूची झीज दोन्ही आहेत, म्हणजे इम्पेलर, वेअर रिंग, मोठे बुश, तिथं निकेल अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ येतो, एबी२, ९-१० टक्के अ‍ॅल्युमिनियम, साडेचार-पाचच्या आसपास निकेल आणि लोखंड. ओतायला अवघड, ड्रॉस धरतो, प्रत्येक फाउंड्रीला जमत नाही, म्हणून कास्टिंगवाल्याला आधी एक नग ओतायला लावा, तो कापून बघा किंवा रेडिओग्राफी करा, मग बाकीचे.

पाइपलाइनला ९०/१० क्युप्रोनिकेल असतं. ते फार छान टिकतं पण पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटरच्या पुढे गेला की आतला संरक्षक थर जातो, म्हणून फ्लँज, एल्बो, रिड्यूसर बनवताना आतल्या बाजूला वेल्डचा गोळा किंवा पायरी राहता कामा नये, तिथंच भोवरा होतो आणि तिथंच भोक पडतं. एसएस ३१६ बद्दल लोकांचा फार गैरसमज आहे की स्टेनलेस म्हणजे समुद्रात कायमचं. वाहत्या पाण्यात ठीक, पण गास्केटच्या खाली, वॉशरच्या खाली, जिथं पाणी साचून हवा मिळत नाही तिथं ३१६ ला खड्डे पडतात. आणि ब्रॉन्झच्या व्हॉल्व्हला कार्बन स्टीलचा बोल्ट लावला तर बोल्ट संपतो, म्हणून समोरचा धातू विचारायचा. स्पिंडलला मोनेल के५०० मागितला असेल तर तोच द्या, महाग आहे म्हणून ३१६ सुचवत बसू नका, सुचवायचंच असेल तर लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय बार कापू नका. बार-प्लेट घेताना ३.१ टाइपचं मिल टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि हीट नंबर कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर पंच करा.

ग्रे कास्ट आयर्न शक्यतो विसरा. युद्धनौकेजवळ पाण्याखाली स्फोट झाला की अख्ख्या हलला जो झटका बसतो त्यात साधं बीड तडकतं, म्हणून पंपाची बॉडी, ब्रॅकेट, फाउंडेशनचे पार्ट एसजी आयर्न (चिवट बीड), स्टील किंवा ब्रॉन्झचे असतात. सॅम्पल चुंबकाला चिकटलं म्हणून बीड असं समजू नका, टेस्ट करा. याच कारणासाठी कोपऱ्यांच्या रेडियसला फार महत्त्व आहे, ड्रॉइंगवर ३ चा रेडियस असेल आणि टूल १ चं आहे म्हणून १ चा ठेवला तर क्रॅक तिथूनच सुरू होतो.

रबरवाल्यांसाठी थोडक्यात. नायट्राइल तेलाला चांगलं, उन्हाला आणि ओझोनला वाईट. ईपीडीएम उन्हापाण्याला चांगलं, तेल लागलं की फुगतं. निओप्रीन दोन्हीकडे मध्यम. व्हिटॉन उष्णता आणि इंधनाला. स्टर्न गेटच्या किंवा बाऊ डोअरच्या सीलवर ऊन पण आहे, खारं पाणी पण आणि क्राफ्टमधून सांडलेलं डिझेल पण, तेव्हा मागितलंय तेच कंपाउंड, तोच शोअर हार्डनेस, आणि पाकिटावर क्युअरिंगची तारीख. तारीख नसेल तर स्टोअर माल घेत नाही आणि ते बरोबरच आहे, रबर शेल्फवरसुद्धा म्हातारं होतं. या विषयात आपल्या जिल्ह्याचं भाग्य म्हणजे अंबरनाथला डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, १९५३ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये सुरू झालेली प्रयोगशाळा पुढे तिकडे गेली, गंज, मरीन पेंट, रबर, पॉलिमर हेच त्यांचं काम. डीआरडीओ आपल्या टेस्ट सुविधा इंडस्ट्रीला फी घेऊन वापरू देते, तेव्हा नवीन कंपाउंड डेव्हलप करायचं असेल तर आधी त्यांच्याकडे चौकशी करा.

टेस्टिंग साधारण असं, बॉडीला वर्किंग प्रेशरच्या दीडपट हायड्रो, सीटला १.१ पट, कास्टिंगला डीपी, महत्त्वाच्या फोर्जिंगला अल्ट्रासोनिक, इलेक्ट्रिकल असेल तर जेएसएस ५५५५५ या संरक्षण खात्याच्या स्टँडर्डच्या एन्व्हायर्नमेंट टेस्ट. हे सगळं क्यूएपी (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स प्लॅन) नावाच्या कागदात ऑर्डरनंतर लगेच लिहून मंजूर करून घ्यायचं, मंजुरीच्या आधी मशिनिंग सुरू केलं आणि साहेबांनी एक स्टेज वाढवली तर तो जॉब गेला.

कागदपत्रांचं आता पटकन. उद्यम रजिस्ट्रेशन हवं, ते ऑनलाइन फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. जेमवर सेलर म्हणून नोंदणी. सृजन पोर्टल बघा, ऑगस्ट २०२० ला संरक्षण मंत्रालयाने सुरू केलं, त्यात बाहेरून आयात होणारे आणि देशात बनवायला हवे असलेले पार्ट टाकलेले असतात, फिल्टर लावून जहाजाचे पार्ट शोधा आणि आपल्या मशिनवर जे बसतं त्यावर इंटरेस्ट दाखवा. नौदलाचं मुंबईचं मटेरियल ऑर्गनायझेशन घाटकोपरला आहे, म्हणजे आपल्यापासून लोकलने अर्धा तास, व्हेंडर नोंदणीची माहिती तिथून मिळते. जलाश्व विशाखापट्टणमला, शार्दूल कोचीला असते, पण बिड ऑनलाइन असल्याने त्याने फरक पडत नाही, फक्त ट्रान्सपोर्ट धरा. मायक्रो-स्मॉल उद्योगाला ईएमडी (बिडबरोबरची अनामत) माफ असते, आणि तुमचा रेट एल१ (सगळ्यात कमी रेटवाला) पेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल तर एल१ च्या रेटला यायची संधी मिळते, बिड भरताना तो टिक करायचा असतो, न केल्यास नंतर काही होत नाही. उशीर झाला तर आठवड्याला ०.५ टक्के कापतात, म्हणून डिलिव्हरी लिहिताना लॅब आणि इन्स्पेक्शनचे दिवस धरूनच लिहा. पेमेंट एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांत यायला हवं, ट्रेडरमार्फत काम केलं तरी तोच कायदा, बिलावर उद्यम नंबर छापा.

आणि एक कळकळीची विनंती, नौदलाचं ड्रॉइंग मिळालं तर ते ग्रुपवर टाकू नका, बाहेरच्या कास्टिंगवाल्याला अख्खं ड्रॉइंग न देता फक्त त्याच्या ऑपरेशनचं स्केच काढून द्या, जहाजाचं नाव आणि सिस्टीमचं नाव काढून. पार्ट इन्स्टाग्रामवर मिरवायचा मोह आवरा. सॅम्पल परत करायचं असतं, त्याची पावती ठेवा.

पॅकिंगला कंजुषी नको. आपल्या खाडीच्या हवेत मशिन केलेला स्टीलचा फेस पावसाळ्यात एका रात्रीत तांबडा होतो, तर तो पार्ट स्टोअरमध्ये काही वर्षं पडून राहणार आहे. प्रिझर्व्हेटिव्ह तेल, व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद, सील केलेली पिशवी, सिलिका जेल, वरून लाकडी किंवा जाड खोका, आट्यांना प्लास्टिकच्या टोप्या, टॅगवर पार्ट नंबर, हीट नंबर, ऑर्डर नंबर. भर समुद्रात रात्री दोन वाजता कुणी इंजिनरूमवाला तो खोका उघडणार आहे, त्याला पार्ट न पुसता, न घासता बसवता आला पाहिजे.

सुरुवात कशाने करायची विचाराल तर लॅशिंगचं सामान, स्ट्रेनर बास्केट, गास्केट आणि ओ-रिंग, फॅनचे बुश-शाफ्ट, व्हॉल्व्हची हँडव्हील आणि ग्लँड इथून करा. दोन-तीन ऑर्डर इन्स्पेक्शनमधून गेल्या, क्यूएपी लिहायची सवय झाली, लॅब आणि फाउंड्री पक्की झाली की मग वेअर रिंग, इम्पेलर, व्हॉल्व्ह स्पिंडलकडे वळा. हलमधून आरपार जाणारे व्हॉल्व्ह, रॅम्पच्या पिना आणि स्टर्न गेटचे सिलिंडर सगळ्यात शेवटी, आणि तेही अल्ट्रासोनिकवाला माणूस आणि हीट ट्रीटमेंटचा चार्ट हातात असेल तरच रेट भरा.